अंतेवासी आणि ज्ञानभांडार : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक विचार

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांवाचून गती नाही, हे सर्वमान्य आहे. परंतु साधने टिकतात कशी, ती कोण टिकवितो आणि कोणत्या व्यवस्थेच्या अभावी ती नष्ट होतात, या प्रश्नाकडे आपण क्वचितच इतिहासाचा विषय म्हणून पाहतो. आज उच्च शिक्षण संस्थांनी डिजिटल भांडारे स्वीकारावीत असे सर्वत्र म्हटले जाते. डिजिटल भांडार म्हणजे संस्थेत निर्माण झालेले प्रबंध, लेख, अहवाल व दुर्मिळ कागदपत्रे संगणकावर नोंदवून, वर्गीकरण करून, सर्वांना वाचता येतील अशा रीतीने कायम जतन करण्याची व्यवस्था. हा विषय बहुधा ग्रंथपालांचा व संगणकतज्ज्ञांचा मानला जातो. आमच्या मते तो मुळात परंपरेचा प्रश्न आहे. एका पिढीने मिळविलेले ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हाती सुरक्षित पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके समोर ठेवून प्रस्तुत लेखात त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. कोंढाण्याचा शिलालेख

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. सोपारा व कल्याण या प्राचीन बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणारा व्यापारी मार्ग याच प्रदेशातून जात असे आणि घाट चढून गेल्यावर कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी लागतात. कोंढाण्याचे चैत्यगृह व विहार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात लाकडी बांधकामाचे अनुकरण स्पष्ट दिसते. त्याच्या डाव्या अंगास एका भव्य मूर्तीचे भग्न मस्तक उरले असून खांद्यालगत ब्राह्मी लिपीत एका ओळीचा प्राकृत लेख आहे. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा आशय आहे.

या छोट्या लेखात राजाचे नाव नाही, दात्याचे नाव नाही, वर्षही नाही. 'हे केले' म्हणजे ती मूर्ती केली की संपूर्ण लेणे, हेही त्यावरून ठरत नाही. परंतु ज्याने काम केले त्याने आपल्या नावाच्या आधी आपल्या गुरूचे नाव नोंदविले आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सान्निध्यात राहून विद्या घेणारा शिष्य. काम कोणाचे आणि त्यामागची विद्या कोणाकडून आली, एवढ्या दोन गोष्टी बलकाला नोंदवाव्याशा वाटल्या. आजच्या ग्रंथालयशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही 'कर्ता' आणि 'संबंध' यांची नोंद आहे. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून पुढे आलेल्या व आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पंधरा घटकांच्या नोंदपद्धतीत हे दोन्ही घटक आहेत. वर्षाचा घटक मात्र बलकाने सोडला आणि लेण्याच्या कालनिर्णयासाठी अभ्यासकांना अक्षरांच्या वळणाचा व शिल्पशैलीचा आधार घ्यावा लागला. नोंद अपुरी राहिली म्हणजे पुढील पिढ्यांवर किती श्रम पडतात, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आधुनिक काळात या लेण्यांची माहिती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विष्णुशास्त्री यांनी प्रथम पुढे आणली आणि त्यानंतर ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर लॉ यांनी ती पाहिली. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात त्यांचे सविस्तर वर्णन आले. त्या ग्रंथाची मूळ प्रत मोठ्या ग्रंथालयांपलीकडे फारशी आढळत नाही. तथापि त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली असल्याने त्याच्या संगणकीय प्रती इंटरनेटवर खुल्या आहेत आणि कर्जतचा विद्यार्थी आज तो ग्रंथ घरबसल्या वाचू शकतो. उलट, त्याच विद्यार्थ्याच्या आधी दहा वर्षे त्याच महाविद्यालयात शिकलेल्या कोणी कोंढाण्यावर प्रकल्प लिहिला असेल, तर तो त्याला मिळण्याची शक्यता कमीच. दीडशे वर्षांपूर्वीचा परक्याचा ग्रंथ हाताशी आहे आणि आपल्याच गावच्या मुलाचे काम हाताशी नाही, ही विसंगती आमच्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

२. मुखपाठापासून लेखनापर्यंत

बौद्ध परंपरेला जतनाचा प्रश्न नवा नाही. बुद्धवचन कित्येक शतके मुखपाठाने टिकले. त्यासाठी संघाने कामाची विभागणी केली होती. पहिल्या संगीतीनंतर विनय उपालीच्या शिष्यपरंपरेकडे, दीघनिकाय आनंदाकडे, मज्झिमनिकाय सारिपुत्ताच्या शिष्यांकडे, संयुत्तनिकाय महाकस्सपाकडे व अंगुत्तरनिकाय अनुरुद्धाकडे सोपविण्यात आला, असे अट्ठकथा सांगतात. पुढे दीघभाणक, मज्झिमभाणक असे पाठकांचे गटच निर्माण झाले. एकाच ग्रंथाचे अनेक पाठक असल्याने एकाची स्मृती चुकली तर दुसऱ्याने ती सुधारावी, अशी ती रचना होती.

ही रचना ढासळली म्हणजे काय होते, याची एक कथा समन्तपासादिकेत आहे. सिंहलद्वीपावरील महाभयाच्या काळात महानिद्देस हा ग्रंथ एकाच भिक्षूला मुखोद्गत उरला आणि तो भिक्षू शीलाने भ्रष्ट होता. विद्वान व शीलवान थेराला त्याच्याकडे जाऊन ग्रंथ शिकणे नकोसे वाटले. परंतु गुरूंनी आग्रह धरला, कारण तो भिक्षू गेला असता तर ग्रंथही गेला असता. थेराने तो ग्रंथ शिकून घेतला व तो वाचला. या कथेतील नैतिक संकोचाकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. आम्ही मात्र तिच्याकडे जतनशास्त्राचा पाठ म्हणून पाहतो. एकच प्रत उरलेला ग्रंथ हा अर्धा नष्ट झालेला ग्रंथ होय.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, सिंहलद्वीपातील भिक्षूंनी तिपिटक व त्यावरील अट्ठकथा ग्रंथारूढ केल्या. दुष्काळ आणि युद्ध यांनी पाठकांची संख्या रोडावली होती. परंपरा हे कार्य मातलेजवळील आलुविहारात झाले असे मानते. म्हणजे कोंढाण्याच्या कातळावर बलकाची ओळ कोरली गेली, साधारणपणे त्याच कालखंडात समुद्रापलीकडे बुद्धवचन ताडपत्रावर उतरत होते. मुखपाठ ही पवित्र व सिद्ध पद्धती होती. तरीही काळाची निकड ओळखून संघाने नवे माध्यम स्वीकारले आणि स्वीकारताना जुनी पद्धती टाकली नाही. लेखनानंतरही पठण चालूच राहिले. माध्यमांतराविषयी आज ज्या शंका घेतल्या जातात त्यांना या घटनेत पुरेसे उत्तर आहे असे आम्हांस वाटते.

३. इगतपुरीचे उदाहरण

याच परंपरेचा पुढचा टप्पा महाराष्ट्रात घडला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे छट्ठ संगायन झाले. ते ज्या महापाषाणगुहेत भरले ती पहिल्या संगीतीच्या सप्तपर्णी गुहेची आठवण ठेवून मुद्दाम बांधलेली होती. तेथे शुद्ध केलेला पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापण्याचे काम हाती घेतले. १९८५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९९७ मध्ये तोच पाठ सीडीवर उपलब्ध केला आणि एकच पाठ अनेक लिपींत वाचण्याची सोय झाली. ज्या साहित्यासाठी कपाटेच्या कपाटे लागत, ते तळहाताएवढ्या तबकडीत मावले. शब्द शोधण्यास जेथे महिने लागत तेथे क्षण पुरू लागले.

परंतु या उदाहरणातील खरा बोध त्यानंतरचा आहे. सीडी हे माध्यम आज जवळजवळ व्यवहारातून गेले आहे. नव्या संगणकांना ती तबकडी बसविण्याची जागाही बहुधा नसते. तरीही पाठ गेला नाही, कारण तो काळाबरोबर युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत आणि इंटरनेटवर नेण्यात आला. तबकडीवर भिस्त ठेवून कार्यकर्ते स्वस्थ बसले असते तर आज ती शोभेची वस्तू उरली असती. जतन करायचे असते ते पाठाचे. ताडपत्र, कागद, तबकडी ही त्याची वाहने आहेत आणि वाहन वेळेवर बदलणारा माणूस हाच खरा भाणक होय.

४. विद्यापीठांतील वाटचाल

भारतातील विद्यापीठांत या व्यवस्थेची पायाभरणी १९९१ मध्ये झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालये जोडण्याचा 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या संस्थेअंतर्गत सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळाला. आज त्याचे कार्यालय गांधीनगरला आहे. २००२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या संशोधकांच्या लेखांचे भांडार उभारले. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 'डीस्पेस' ही संगणकप्रणाली विनामूल्य खुली केली. भारतातील अनेक संस्थांची भांडारे आज याच प्रणालीवर चालतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने आपल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयातील जुने व दुर्मिळ ग्रंथ याच मार्गाने खुले केले असून महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा मोठा लाभ होत आहे.

निर्णायक बदल २००९ मध्ये झाला. पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाल्यावर त्याची संगणकीय प्रत आयोगाकडे दिली पाहिजे, असा नियम आयोगाने केला व २०१६ च्या नियमांत तो अधिक कडक झाला. त्यातून 'शोधगंगा' हे राष्ट्रीय भांडार वाढले आणि आज त्यात देशभरातील लाखो प्रबंध आहेत. पूर्वी प्रबंधाच्या मोजक्या बांधीव प्रती निघत आणि त्या विद्यापीठाच्या दालनात पडून राहत. त्या पाहण्यासाठी खेड्यातील अभ्यासकाला परवानगी, प्रवास व मुक्काम असे तीन अडथळे ओलांडावे लागत. ते अडथळे आता बरेच दूर झाले आहेत. चौर्याची भीती बाळगणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की बंद कपाटातील प्रबंधाची नक्कल सहज पचते, खुल्या प्रबंधाची चटकन उघडकीस येते.

कर्जतपुरते पाहिले तर सर्वांत उद्बोधक उदाहरण भाताचे आहे. कर्जत येथे १९१९ पासून भातसंशोधन चालू आहे. येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' यांसारख्या वाणांनी व 'सह्याद्री' या संकरित वाणाने या गावाचे नाव शेतकऱ्यांच्या ओठी नेले आहे. कृषी विद्यापीठांतील प्रबंधांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेत 'कृषिकोश' हे भांडार आहे. त्यामुळे कोकणातील भातावर झालेले काम पंजाबात वा आसामात बसलेल्या संशोधकास पाहता येते. ज्या ज्ञानामागे संस्था उभी राहिली आणि ते नोंदविण्याची शिस्त लागली, ते ज्ञान टिकले. आपल्या दृष्टीने प्रश्न उरतो तो, ज्यामागे अशी व्यवस्था नाही त्या ज्ञानाचा.

५. लिपीचा अडसर

मराठीतील संशोधनापुढे एक विशेष अडचण आहे व ती फारशी चर्चिली जात नाही. १९९० नंतरच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळविला जाऊ लागला. देवनागरीसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये संकेतप्रणाली प्रमाणित केली होती आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. परंतु छपाईच्या व्यवहारात श्रीलिपी, आकृती अशा निरनिराळ्या अक्षरसंचांचा वापर रूढ झाला व प्रत्येकाचा अंतर्गत संकेत वेगळा होता. कागदावर अक्षर सुंदर उमटे, पण संगणकाच्या लेखी ते देवनागरी नव्हतेच. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग म्हणून उघडतो. पालि शब्दांच्या रोमन लिप्यंतराचीही हीच गत झाली.

याचा परिणाम असा की त्या काळातील मराठी प्रबंध, नियतकालिके व स्मरणिका यांच्या संगणकीय प्रती हाती असल्या तरी त्यांत 'कोंढाणे' हा शब्द शोधून सापडत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथ शोधता येतो आणि १९९५ चा मराठी लेख शोधता येत नाही. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, आणि ते शक्य नसेल तेथे निदान शीर्षक, लेखक, गावांची नावे व सारांश युनिकोड देवनागरीत नोंदविणे, हे काम मराठीच्या अभ्यासकांनीच करावयास हवे. दुसरे कोणी ते आपल्यासाठी करणार नाही.

६. कर्जत-खालापूरची महाविद्यालये

या दोन तालुक्यांत कोकण ज्ञानपीठाचे कर्जत महाविद्यालय, खोपोलीचे के.एम.सी. महाविद्यालय, रसायनीचे पिल्लई एचओसी महाविद्यालय अशा संस्था आहेत. आमचे पुढील विवेचन कोणा एका संस्थेविषयी नसून संलग्न महाविद्यालयांच्या एकूण स्थितीविषयी आहे. शोधगंगेत जातात ते पीएच.डी.चे प्रबंध आणि ते विद्यापीठाकडून जातात. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प, प्राध्यापकांचे स्थानिक सर्वेक्षण, महाविद्यालयाचा वार्षिकांक, परिषदेतील निबंध यांना तेथे जागा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत आता क्षेत्रप्रकल्पाचा समावेश झाला आहे. म्हणजे यापुढे वर्षानुवर्षे शेकडो मुले गावोगाव जाऊन माहिती गोळा करतील. गुणदान झाल्यावर त्या वह्यांचे काय होणार?

ही माहिती क्षुल्लक नाही. भाई कोटवाल यांचा जन्म याच तालुक्यातील माथेरानचा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. त्या लढ्याच्या आठवणी ऐकलेली पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. कातकरी व ठाकूर समाजांची बोली, गाणी, औषधी वनस्पतींची माहिती मुख्यतः मौखिक आहे. धम्मचक्र प्रवर्तनानंतर गावोगाव उभे राहिलेले विहार, जयंती उत्सवांच्या पत्रिका, सभांची हस्तपत्रके, समाजाच्या पंचायतींची इतिवृत्ते ही आंबेडकरी चळवळीची अस्सल साधने घराघरांतील पेट्यांत आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, ओल आणि वाळवी त्यांची वाट पाहत थांबत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. माणसे गेली, घरे गेली आणि एका वाडीची एकत्र राहणारी स्मृतीही दुभंगली. त्या वाडीतील वाटांची नावे, कुळांच्या कथा, सणांचे विधी पूर्वी कोणी विद्यार्थ्याने वहीत टिपले असतील तर ती वही आज अनमोल ठरेल. वाचलेल्यांच्या मुलाबाळांचा तिच्यावर पहिला हक्क राहील. ज्ञानभांडाराची गरज समजावून देण्यास याहून निराळा युक्तिवाद आम्ही शोधत नाही.

मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या निकषांमुळे महाविद्यालयांची ग्रंथालये संगणकीकृत होत आहेत आणि 'एन-लिस्ट' योजनेमुळे अल्प वार्षिक शुल्कात त्यांना देशी-विदेशी नियतकालिके मिळतात, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या व्यवस्थेत महाविद्यालय केवळ घेणारे असते. घाटावरील कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्या लेखाबरोबर एकेका स्तंभाचे दान देणाऱ्या धेनुकाकटच्या यवनांचेही लेख आहेत. एक स्तंभ देणाराही तेथे दाता म्हणून नोंदला गेला आणि अशा अनेक दानांतून ते अवाढव्य चैत्यगृह सिद्ध झाले. स्वतःचे भांडार उघडणारे लहान महाविद्यालय असाच एक स्तंभ देते.

७. काय करावे

प्रत्येक लहान महाविद्यालयाने स्वतंत्र यंत्रणा उभारावी असे आम्ही म्हणणार नाही. प्रणाली विनामूल्य असली तरी ती चालविणारा प्रशिक्षित माणूस व नियमित खर्च लागतो. मूल्यांकनापुरते उघडलेले व नंतर बंद पडलेले भांडार नसल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून मूळ कागद फेकला गेलेला असतो. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांनी मिळून एक सामाईक भांडार चालवावे. त्याची एक पूर्ण प्रत कर्जतबाहेर, विद्यापीठात वा अन्य संस्थेत असावी. मोठ्या भांडारांनाही धोका असतो. लाखो पुस्तकांच्या प्रती काढणारी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' २०१७ च्या सुमारास बंद झाली. तिच्यातील बराच संग्रह आज उपलब्ध आहे तो अन्यत्र प्रती गेल्या होत्या म्हणूनच. महानिद्देसाची कथा येथे पुन्हा खरी ठरते.

नोंद करताना कर्ता, मार्गदर्शक, गाव, वर्ष व भाषा हे घटक सुटू नयेत. ज्यांच्या तोंडून माहिती घेतली त्या वृद्धांची व बायाबापड्यांची संमती घ्यावी आणि त्यांची इच्छा असल्यास नावे आदराने नोंदवावीत. औषधी वनस्पतींसारखे ज्ञान खुले करावे की राखून ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. स्वामित्वहक्काचा बाऊ करू नये, तसेच त्याची उपेक्षाही करू नये. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे उलटली की त्याने हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ सर्वांचे होतात. धर्मानंद कोसंबी यांचे १९४७ मध्ये निधन झाले, म्हणून त्यांचे असे लेखन २००७ च्या अखेरीस मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अशा लेखनाची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली. मुंबई विद्यापीठाने ना. के. भागवत यांच्या संपादनाखाली काढलेल्या देवनागरी पालि ग्रंथमालेसारखी प्रकाशने मुदत तपासून खुली करता येतील. हयात लेखकांकडून मात्र लेखी परवानगी घेतलीच पाहिजे.

विहारांचाही यात वाटा आहे. महाविद्यालयाजवळ यंत्र आहे, विद्यार्थी आहेत. विहाराजवळ लोकांचा विश्वास आहे. घरातील जुनी पत्रिका वा छायाचित्र लोक अनोळखी प्राध्यापकाच्या हाती देण्यास कचरतील, पण पौर्णिमेला विहारात आणून देतील. तेथेच प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करावा. येत्या वर्षावासाचे तीन महिने या कामासाठी निश्चित करावेत, अशी आमची दोन्ही तालुक्यांतील उपासक-उपासिकांना व प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. प्रारंभ दहा कागदांनी झाला तरी चालेल. मात्र त्या दहांवर कोणाचे, कोठले व केव्हाचे, हे स्पष्ट लिहिलेले असावे.